गप्पी, अर्धकृष्ण

गप्पी, अर्धकृष्ण : गप्पी या गोड्या पाण्यातील लहान माशाचा, मानवाने पिढ्यान् पिढ्या निवड करून तयार केलेला शोभिवंत प्रकार. व्यापारात याला ‘टक्सिडो गप्पी’ म्हणतात. नराच्या शरीराचा पुढचा अर्धा भाग फिकट रुपेरी किंवा करडा असतो व पृष्ठपक्षाच्या (पाठीवरील पराच्या) जरा पुढून शेपटीच्या बुडापर्यंतचा भाग गडद काळा किंवा निळसर काळा असतो. पुच्छपक्ष (शेपटीचा पर) रुंद, त्रिकोणी व बहुधा एकरंगी असून तो तांबडा, पिवळा, निळा, जांभळा किंवा दुधी पांढरा असतो. या रंगावरून पोटप्रकारांना नावे दिली जातात. काळ्या रंगाची सीमा जितकी रेखीव व पुच्छपक्ष जितका अखंड तितका मासा चांगला मानतात. अर्धकृष्ण गप्पी ही वेगळी जाती नाही. पीसिलिया रेटिक्युलेटा या एकाच जातीत मोडणारे शेकडो शोभिवंत वाण आहेत, त्यांपैकी हा एक असून साध्या गप्पीशी त्याचा संकर सहज होतो. या प्रकाराविषयीची बहुतेक माहिती व त्याच्या पालनातील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

मूळ जाती : गप्पीचा समावेश पीसिलिइडी कुलात होतो. व्हेनेझुएला, त्रिनिदाद व लगतच्या प्रदेशातील ओढे, डबकी व खाड्यांची मुखे हे त्याचे मूळ वसतिस्थान होय. व्हिल्हेल्म पेटर्स या जर्मन प्राणिवैज्ञानिकांनी १८५९ मध्ये काराकासजवळच्या नमुन्यांवरून या जातीचे प्रथम वर्णन केले. पुढे रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांनी त्रिनिदादहून ब्रिटिश संग्रहालयाकडे धाडलेल्या नमुन्यांना आल्बर्ट ग्यूंटर यांनी १८६६ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ जिरार्डिनस गप्पी हे नाव दिले. अग्रक्रमाच्या नियमानुसार ते शास्त्रीय नाव मागे पडले, पण लोकांच्या तोंडी गप्पी हेच राहिले. मराठीतील ‘गप्पा’ या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही.

रानटी नर सु. २·५ ते ३·५ सेंमी. लांब, सडपातळ व रंगीत ठिपक्यांचा असतो. मादी ४ ते ६ सेंमी., जाडसर व मळकट करडी असते. नराच्या गुदपक्षाच्या (गुदद्वारामागील पराच्या) काही अरांचे लांब नळीसारख्या संगमांगात रूपांतर झालेले असते आणि त्याच्या साहाय्याने तो मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. अंडी मादीच्या शरीरातच उबतात व सु. चार आठवड्यांनी ६–७ मिमी. लांबीची, लगेच पोहू शकणारी पिले बाहेर पडतात. एका वेळी साधारणतः २० ते ६० पिले होतात. मोठी मादी शंभरापर्यंतही पिले देते. एका समागमातील शुक्राणू मादी कित्येक महिने साठवून ठेवू शकते आणि पुन्हा नराशी गाठ न पडताही ती अनेक वेळा विते. नवख्या पाळणाऱ्याने दुकानातून एक सुंदर नर व एक मादी आणावी आणि पिले मात्र भलत्याच रूपाची निघावीत, हा नेहमीचा अनुभव आहे. त्या पिलांचा बाप दुकानातल्या टाकीतच राहिलेला असतो.

रंगांची आनुवंशिकता : गप्पीचे नाव प्राणिविज्ञानापेक्षाही आनुवंशिकीच्या ग्रंथांत अधिक आढळते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहानेस श्मिट यांनी (यूरोपातील वाम मासे सारगॅसो समुद्रात अंडी घालतात हे दाखवून देणारे ते हेच श्मिट) १९२० मध्ये असे दाखविले की, गप्पीच्या पृष्ठपक्षावरील एक काळा ठिपका बापाकडून फक्त मुलांकडे जातो. मुलींकडे तो कधीच जात नाही. माणसाप्रमाणे गप्पीतही नराला एक क्ष व एक य अशी लिंग-गुणसूत्रे असतात आणि मादीला दोन क्ष असतात. य-गुणसूत्रावरील जनुक बापाकडून मुलाकडेच जाणार हे उघड आहे, पण त्याचे इतके स्पष्ट उदाहरण तोवर क्वचितच मिळाले होते. ऑयव्हिन वींगे यांनी १९२२ पासून हे काम पुढे नेले व १९२७ मध्ये या माशाच्या अठरा जनुकांची स्थाने प्रसिद्ध केली. नराचा बहुतेक रंग लिंग-गुणसूत्रांवरील जनुकांवर अवलंबून असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. मादीच्या अंगीही अशी जनुके असतात, पण नर-संप्रेरकाच्या अभावी ती बहुधा झाकलेली राहतात.

अर्धकृष्ण गप्पीच्या काळ्या रंगाचे जनुक स्वीडिश प्राणिवैज्ञानिक ऑरव्हार नीबेलीन यांनी १९४७ मध्ये वर्णिले. त्यांच्या माशांत ते क्ष-गुणसूत्रावर होते. हे जनुक प्रभावी असून मादीतही ते काही अंशी प्रकट होते, त्यामुळे या वाणाच्या मादीचा मागचा भाग काळसर दिसतो. ही सोय इतर पुष्कळ वाणांत नाही. तेथे मादीकडे पाहून तिच्या पोटी काय आहे याचा अंदाज करता येत नाही. हँबर्गच्या मिखाएल झ्विलो यांनी १९५९ मध्ये पाळीव वाणांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांतही या काळ्या रंगाचा व तलवारीसारख्या शेपट्यांचा विचार आहे. क्ष आणि य या गुणसूत्रांत क्वचित जनुकविनिमय होत असल्यामुळे आज हे जनुक काही वाणांत क्ष वर, काहींत य वर, तर काहींत दोहोंवर आढळते.

याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. समजा, दोन्ही गुणसूत्रांवर हे जनुक असलेल्या शुद्ध वाणातील नराचा साध्या मादीशी संकर केला, तर मुलांना य मधून व मुलींना क्ष मधून जनुक मिळते आणि सगळी संतती कमीअधिक काळी होते. उलट शुद्ध वाणातील मादी व साधा नर यांच्या संकरातही मुलगे काळेच दिसतात, कारण त्यांना आईचे क्ष मिळालेले असते; परंतु या मुलांचे य साधे असते. अशा एखाद्या देखण्या मुलाला पुन्हा साधी मादी दिली, तर त्याच्या मुलांत काळा रंग उरत नाही व मुलींत मात्र तो लपतछपत जातो. बाजारात विकत घेतलेला नर यांपैकी कोणता, हे त्याच्या रूपावरून सांगता येत नाही. त्याच्या एका पिढीची संतती पाहूनच ते कळते. ‘रंग पाण्याने उतरला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण पुष्कळदा पाण्यात नसून या हिशोबात असते.

शेपटीचा आकार व अंगाचा मूळ वर्ण यांची बाब निराळी आहे. फिकट सोनेरी वर्ण, तसेच तांबड्या डोळ्यांचा रंजकहीन (श्वेत) वर्ण यांची जनुके अलिंगी गुणसूत्रांवर असून अप्रभावी आहेत. आईबाप दोघांकडूनही ती मिळाली तरच प्रकट होतात. पुच्छपक्षाची रुंदी अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाने ठरते व तिच्यात मादीचा वाटा नराइतकाच असतो. काही वाणांत सर्वच पर फितीसारखे लांबतात. त्यांतील नरांचे संगमांगही इतके लांबते की समागम अशक्य होतो, म्हणून असा वाण त्याच विणीतील आखूड परांच्या भावांकडून चालवावा लागतो. शोभेचा हव्यास कोठवर जाऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

शोभिवंत वाणांचा उदय : सु. १९०८ पासून गप्पी यूरोपातील घरगुती मत्स्यालयांत पाळला जाऊ लागला. प्रथम हौशी लोकांनी टोकदार व तलवारी शेपट्यांवर भर दिला. रुंद शेपटीच्या गप्पींना लोकप्रियता मिळाली ती १९५० नंतरच्या दशकात; जन्माने जर्मन असलेले अमेरिकन हौशी संवर्धक पाउल हेनेल यांचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. नंतर अमेरिका, जर्मनी, जपान, सिंगापूर, थायलंड या देशांत संवर्धकांनी असंख्य वाण निर्माण केले. प्रदर्शनांत त्रिकोणी पुच्छपक्षाच्या वरच्या व खालच्या कडांमधील कोन ६० ते ७० अंश असावा, कडा सरळ असाव्यात आणि पृष्ठपक्षाचा रंग पुच्छपक्षाशी जुळावा, असे संकेत रूढ आहेत. त्रिकोणी प्रकाराखेरीज पंखा, ध्वज, वीणा, फावडे, भाला, गोल, एकतलवारी व दुतलवारी अशा आकारांचेही पुच्छपक्ष असतात.

महाराष्ट्रात शोभेच्या माशांची आवड वाढण्यास मुंबईचे १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय बरेचसे कारणीभूत झाले. मुंबईतील महात्मा जोतिबा फुले मंडई व कुर्ला येथील बाजारांतून असे मासे राज्यभरच्या दुकानांत पोहोचत आले आहेत. भारतात चेन्नईजवळचे कोळत्तूर व कोलकाता-हावडा परिसर ही त्यांच्या पैदाशीची मोठी केंद्रे होत.

पालन : गप्पी काटक असतो, ही त्याची ख्याती साध्या गप्पीला लागू पडते, अर्धकृष्णाला ती तितकीशी लागू नाही. मोठ्या शेपटीचे ओझे वाहणारा नर पोहताना लवकर थकतो, त्याची शेपटी फाटते, फाटलेल्या जागी जंतुसंसर्ग होतो व वय वाढले की पाठीला बाक येतो. नर साधारणतः दोन वर्षे जगतो, पण त्याचे खरे रूप पहिल्या वर्षापुरतेच असते.

पाण्याच्या बाबतीत मात्र दख्खनच्या पठारावरील पाळणाऱ्याची बाजू चांगली आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेरचे उदाहरण घेता येईल. प्रवरा व म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव बेसॉल्ट खडकाच्या, पर्जन्यछायेतील प्रदेशात आहे. गावाच्या खालच्या अंगास ओझर येथील बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावा व उजवा असे दोन कालवे निघतात आणि भंडारदऱ्याच्या, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचे पाणी त्यांतून उसाच्या बागायतीला मिळते. अशा दीर्घकाळ भिजणाऱ्या पट्ट्यात विहिरींचे पाणी जड (कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे अधिक असलेले) व कित्येक ठिकाणी क्षारयुक्त झाले आहे. शेतीच्या दृष्टीने ही मोठीच आपत्ती होय. गप्पीला मात्र किंचित अल्कधर्मी, जड पाणी मानवते. मूळ प्रदेशात तो मचूळ पाण्यातही राहतो व सावकाश सवय केल्यास बऱ्याच खारटपणाला टिकतो. मऊ, अम्लधर्मी पाण्याची गरज असलेले निऑन टेट्रासारखे मासे ज्या विहिरीच्या पाण्यात तग धरत नाहीत, त्यात गप्पी चांगला वाढतो. नळाचे पाणी वापरायचे झाल्यास त्यातील क्लोरीन निघून जाण्यासाठी ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवतात.

अडचण येते ती थंडीची. गप्पीला २२° ते २८° से. तापमान योग्य असते. पौष-माघात या भागात रात्री हवा फार थंड होते व लहान टाकीतील पाणी पहाटेपर्यंत पुष्कळच निवते. अशा वेळी मासे पर मिटून तळाशी बसतात व पांढऱ्या ठिपक्यांचा रोग (इक्थिओफ्थिरियस या आदिजीवामुळे होणारा) पसरतो. लहान विद्युत् तापक किंवा निदान मोठ्या आकारमानाची, भिंतीच्या आडोशाची टाकी हा त्यावर उपाय होय. उन्हाळ्यात ऑक्सिजन कमी पडू नये म्हणून टाकी सावलीत ठेवून हवेचा पंप चालू ठेवतात. ४० लि. पाण्यात दहा-बारा मोठे मासे पुरेत. स्पंजची गाळणी वापरल्यास पिले ओढली जात नाहीत. दर आठवड्यास पाव भाग पाणी बदलतात. आहारात कोरडे तयार खाद्य, आर्टेमिया या लहान कवचधारी प्राण्याची पिले, डासांच्या अळ्या व थोडे शेवाळ असावे. नराच्या तांबड्या-पिवळ्या रंगास आहारातील कॅरोटिनॉइडांची गरज असते, काळ्याला नसते.

वाण राखणे ही यापुढची पायरी असून खरे कसब तेथेच लागते. आई पिले खाते, म्हणून दाट पाणवनस्पती ठेवतात किंवा विण्यापूर्वी मादीला वेगळी करतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुदपक्षाच्या आकारावरून व मादीच्या पोटामागील काळ्या डागावरून नर-मादी ओळखून त्यांना निरनिराळ्या टाक्यांत ठेवतात. यात आठवडाभराची हयगय झाली तरी सगळ्या माद्या नको त्या नरांकडून फळलेल्या असतात. पुढे उत्तम दोन-चार नर व काळसर, रुंद शेपटीच्या माद्या निवडून त्यांचीच पैदास करतात. एकाच कुटुंबात ही पैदास चालू राहिली की काही पिढ्यांनी मासे लहान व रोगट होऊ लागतात. यासाठी अनुभवी लोक एकाच वाणाच्या दोन स्वतंत्र शाखा चालवितात व अधूनमधून त्यांचा मेळ घालतात. बाहेरून आणलेला नवा मासा काही आठवडे अलग ठेवणे आवश्यक असते, कारण आतड्यातील तांबडे सूत्रकृमी व टेट्राहायमेना या आदिजीवाचा संसर्ग बहुधा अशा माशाबरोबरच येतो. निवडीत न बसलेल्या, रूपाने सामान्य पण निरोगी अशा माशांची संख्या नेहमीच जास्त असते. तीस-चाळीस पिलांतून दोन-चार ठेवायची, तर उरलेल्यांचे करायचे काय, हा प्रश्न दर महिन्यास उभा राहतो.

बाहेर सोडलेला गप्पी : महाराष्ट्रातील सामान्य माणसाला गप्पी शोभेचा मासा म्हणून माहीत होण्यापूर्वी ‘डासांच्या अळ्या खाणारा मासा’ म्हणून माहीत झाला. डासांच्या नियंत्रणासाठी तो १९०८ च्या सुमारास भारतात आणला गेला. त्याच कुलातील गँबूझिया हा मासा १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला. नागरी हिवताप योजना १९७१ मध्ये सुरू झाली आणि पुढे डेंग्यूच्या साथी वाढल्या, तसे आरोग्य विभाग व नगरपालिका यांनी हौद, पडक्या विहिरी, कारंजी अशा ठिकाणी गप्पी सोडण्याची प्रथा दृढ केली. बंदिस्त पाणवठ्यात त्याचा उपयोग होतो. परंतु वाहत्या व नैसर्गिक पाण्यात तो कितपत गुणकारी आहे, याचा पुरावा त्याच्या ख्यातीच्या मानाने तोकडाच आहे, असे अलीकडील समीक्षा सांगतात.

त्याच्या पसरण्याविषयी मात्र शंका नाही. मूळ प्रदेशाबाहेर साठाहून अधिक देशांत त्याने वस्ती केली आहे. पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा व मुठा या नद्यांतही त्याची नोंद झालेली आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रत्येक उघड्या हौदात एकेकच मादी सोडण्यात आली. साठविलेल्या शुक्राणूंच्या बळावर त्यांपैकी बहुतेक माद्यांनी वसाहती स्थापन केल्या व त्या दोन वर्षे टिकल्या. कालव्याच्या आवर्तनांवर चालणाऱ्या प्रवरेसारख्या नदीचे पात्र उन्हाळ्यात सुट्या डबक्यांत विभागले जाते. सांडपाण्याने दूषित व ऑक्सिजन कमी असलेल्या अशा डबक्यांत पृष्ठभागालगतच्या पाण्याने श्वसन करणारा गप्पी तग धरू शकतो. स्थानिक माशांपैकी अनेकांना ते जमत नाही. शिवाय तो इतर माशांची अंडी व नवजात पिले खातो.

अशा पाण्यात अर्धकृष्ण वाणाचे काय होते, हे समजण्यास त्रिनिदादच्या ओढ्यांतील अभ्यास उपयोगी पडतो. जॉन एंडलर यांनी १९८० मध्ये दाखविले की, मोठे भक्षक मासे असलेल्या प्रवाहांत नर फिके व लहान ठिपक्यांचे असतात आणि भक्षकांपासून दूर नेल्यास थोड्याच पिढ्यांत त्यांचे रंग भडक होतात. मोठ्या काळ्या डागाचा, जड शेपटीचा व मंद पोहणारा नर खंड्या पक्ष्याला, पाणसापाला व मरळ माशाला प्रथम बळी पडतो. जगतात ते आखूड शेपटीचे, मळकट. त्यांच्या माद्या कोणत्याही साध्या नराशी जुळतात. काही पिढ्यांनी त्या डबक्यात वाण राहत नाही, गप्पी राहतो. हौसेने सोडलेला मासा सोडणाऱ्याला पुन्हा दिसत नाही. जी वस्ती मागे उरते ती शोभेची नसते आणि ती काढून टाकण्याचा व्यवहार्य उपाय नदीत उपलब्ध नाही.

म्हणून निवडीबाहेरचे मासे दुसऱ्या पाळणाऱ्यांना किंवा दुकानदाराला देणे, अथवा त्याच घरातील मोठ्या मांसाहारी माशांना खाद्य म्हणून वापरणे, हेच मार्ग संवर्धकांत रूढ आहेत. टाकीतील बदललेले पाणी नाल्यात न ओतता झाडांना घालतात, कारण त्यातून ६ मिमी.चे पिलू नकळत जाऊ शकते. घराभोवतालच्या हौदातील डासांसाठी मासे हवे असल्यास ॲप्लोकायलस या प्रजातीतील पिकू हा भारतीय मासा उपलब्ध आहे. तो पृष्ठभागालगत वावरतो, डासांच्या अळ्या आवडीने खातो व पाणवनस्पतींवर अंडी घालतो. सोनेरी ठिपक्यांच्या रांगा व शेपटीकडील आडवे काळे पट्टे यांमुळे तो दिसण्यातही उणा नसतो, मात्र उघड्या टाकीतून उडी मारण्याची त्याला सवय असल्याने वर जाळी लागते.